उजव्या अंगठ्याचं नख

स्वतःच्या मुलीचं नाव वनमालाबाईंच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मंजिरीच्या हातातली नखं घासायची फाइल थांबली नाही. ती नखाच्या कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेनं जात राहिली. मागे-पुढे घासलं की नखाचे पापुद्रे सुटतात, हे मंजिरीनं ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या या पार्लरमध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीला शिकवलं होतं, आणि हाताला एकदा वळण लागलं की डोक्यात काहीही होवो, हात आपलं काम करतच राहतो. वनमालाबाईंचा डावा हात कोमट पाण्याच्या भांड्यात होता, उजवा मंजिरीच्या हातात, आणि कानात इयरफोन खोचून त्या इंदूरच्या बहिणीशी, शांताताईंशी, नेहमीसारख्या खुशाल मराठीत बोलत होत्या. "गरिमा नाव आहे गं. जयेंद्रगंजात राहतात. बाप घरीच असतो, आई कुठंशी ऑफिसात आहे म्हणे, इकडेच सिटी सेंटरला. नाकीडोळी बरी आहे. आपल्या बंटीच्या ना, एकदम भरलीच आहे ती डोक्यात. रविवारी जातोय बघायला." आणि मग नजर न उचलता, हिंदीत, "मोना, ये वाला थोड़ा गोल रखना."

मोना म्हणजे मंजिरी. नाव मालकिणीनं ठेवलं होतं. हर्षिता मॅडमच्या मते मंजिरी हे नाव गिऱ्हाइकांच्या तोंडी बसत नव्हतं, आणि मोना म्हटलं की काम येतंय असं वाटतं. सात वर्षांपूर्वी मंजिरीनं ते पांढऱ्या एप्रनसारखं घातलं, आणि संध्याकाळी खुंटीला अडकवून ती घरी जायची. जयेंद्रगंजात दोन खोल्या, नवरा बळवंत, मुलगी गरिमा. बळवंतचं पाटणकर बाजारातलं फोटोचं दुकान मोबाइलनं गिळलं, तेव्हापासून तो घरी बसून आपले पूर्वज दरबाराच्या दफ्तरात काय होते ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. बायको काय करते असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "ऑफिसात आहे. मॅनेजमेंट बघते." गरिमानं तेच उचललं. मंजिरीही कधी नाही म्हणाली नाही. खोटं घरातल्या सगळ्यांच्या सोयीचं असलं की त्याला कुणी खोटं म्हणत नाही, आणि आता ते खोटं पाय फुटून वनमालाबाईंच्या घरापर्यंत गेलं होतं आणि तिथून फिरून तिच्याच टेबलावर येऊन बसलं होतं.

बंटी. मंजिरी दुसऱ्या बोटावर गेली, आणि बंटी आणि शंतनु ही दोन माणसं एकावर एक बसवण्याचा प्रयत्न करू लागली. गरिमाचा शंतनु बँकेत होता. गणपतीच्या कार्यक्रमात ओळख झाली होती, तो दारं उघडून धरायचा, तिला 'तुम्ही' म्हणायचा, आणि आठ महिने झाले, गरिमा आरशासमोर उगीचच जास्त वेळ उभी राहत होती. त्याच्या घरातलं लाडाचं नाव तिला ठाऊकही नसेल. मंजिरीनं फोटो पाहिला होता; छान हसरा मुलगा. बंटीचा फोटो मात्र तिनं कधी पाहिला नव्हता. बंटीला ती फक्त ऐकून ओळखत होती, सात वर्षं, दर पंधरा दिवसांनी, बुधवारी. वनमालाबाई बुधवारीच यायच्या, कारण मंगळवारी आणि शनिवारी नखांना कात्री लावायची नाही हे त्यांच्या घरचं शास्त्र. बंटीला काय आवडतं, बंटीनं काय फोडलं, बंटीचा राग कसा येतो आणि कसा जातो, हे मंजिरीला त्याच्या आईइतकंच ठाऊक होतं.

कारण पहिल्याच दिवशी एक चूक झाली होती. चूक वनमालाबाईंची होती, पण खतपाणी मंजिरीनं घातलं. ग्वाल्हेरातल्या मराठी घरांना ही खोडच आहे. रिक्षावाला असो, भाजीवाला असो, शिंपी असो, त्याच्या देखत जे बोलायचं नाही ते मराठीत बोलायचं. सगळं शहर हिंदी, तेव्हा आपली भाषा म्हणजे घराची आतली खोली, कडी लावली की झालं. वनमालाबाईंनी तेव्हा फोनवर शांताताईंना म्हटलं होतं, "बोल गं तू बिनधास्त. ही नखंवाली आहे, हिला काय कळतंय." मंजिरीचं डोकं त्यांच्या हातावर वाकलेलं होतं. तेव्हाच मान वर करून म्हणायला हवं होतं, की बाई, मला कळतं. पण मग पुढचे तीन प्रश्न आले असते, आपल्यातली बाई भेटली की येतातच ते: आडनाव काय, माहेर कुठलं, कोणाच्या तुम्ही? आणि तिसऱ्या उत्तराला शहरातली सगळी मराठी घरं खडबडून जागी झाली असती की दफ्तरदारांच्या घरची सून सिटी सेंटरमध्ये बायकांच्या पायांच्या टाचा घासते. मंजिरी गप्प बसली. "हाथ ढीला छोड़िए मैडम," एवढंच बोलली. लाज होती ती, दुसरं काही नाही. आणि लाजेपाठोपाठ थोडी मजाही आली, हेही खरंच. परक्या घराचं दार तिच्यासाठी उघडं राहिलं होतं, आणि दिवसभर हिंदीत जी-मॅडम करणाऱ्या बाईच्या कानावर तासभर आपली भाषा पडत होती. बळवंतच्या पूर्वजांपेक्षा बंटीच्या गोष्टी कितीतरी रसाळ होत्या.

त्यातलीच एक दोन वर्षांपूर्वीची. बंटीचं भोपाळच्या मुलीशी ठरलं होतं, साखरपुडा झाला होता, आणि मोडलं. का मोडलं ते वनमालाबाईंनी हाताला मालिश चालू असताना सांगितलं होतं, अगदी शांतपणे, भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगावं तसं. "एकच लगावली गं त्यानं. तीही गाडीत, कोणी बघितलंसुद्धा नाही. हिनं लगेच बापाला फोन लावला. आजकालच्या मुलींना सोसतच नाही ना काही." तेव्हा मंजिरीचे अंगठे त्यांच्या तळहाताच्या मध्यावर गोल फिरत होते. तिला त्या न पाहिलेल्या मुलीची कीव आली होती आणि ती बापाला फोन लावते याचं बरंही वाटलं होतं. मग पुढचं गिऱ्हाईक आलं आणि ती ते विसरली. लोकांची दुःखं अशी नेलपॉलिश पुसायच्या एसीटोनच्या वासाबरोबर उडून जातात, नाहीतर हे काम करताच येणार नाही.

अंगठ्याचं मात्र विसरता येण्यासारखं नव्हतं, कारण ते तिच्या हातात होतं. मागच्या दिवाळीच्या आधी वनमालाबाई आल्या तेव्हा उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून काळंनिळं पडलं होतं. "दराज़ में आ गया," ड्रॉवरमध्ये चेंगरला, असं त्यांनी मोनाला सांगितलं. दहा मिनिटांनी शांताताईंना सांगितलं ते वेगळं होतं. "मी फक्त इतकंच म्हटलं की आधी जेवून घे. त्यानं दार लोटलं, माझा हात होता तिथं. त्याला दिसलं नाही गं. म्हणजे दिसलं असेल, पण रागात होता." मग त्यांनी शांताताईंना दिवाळीच्या फराळाचं विचारलं. ते नख पुढे गळून पडलं. नवं आलं ते मधोमध एक उभा वळ घेऊन आलं. सहा महिने मंजिरीनं त्याची काळजी घेतली. खालची नाजूक कातडी जपली, कडा मऊ ठेवल्या, रंग लावू दिला नाही, वळ बफरच्या मऊ पट्टीनं घासून इतका हलका केला की सांगितल्याशिवाय दिसू नये. त्या सहा महिन्यांत वनमालाबाई एकदाही तिच्या तोंडाकडे बघून बोलल्या नाहीत. तोंडावर मास्क असायचा, डोळ्यांवर जवळचा चष्मा, केसांना टोपी. बघण्यासारखं तसं काही नव्हतंही.

आता तोच अंगठा तिच्या हातात होता आणि वनमालाबाई म्हणत होत्या, "ही मुलगी गरीब स्वभावाची आहे म्हणे. बरं आहे. सोसेल." फाइल तेव्हा थांबली. "क्या हुआ?" "कुछ नहीं मैडम," मंजिरी म्हणाली आणि वळावरून बोट फिरवून पुढे गेली.

त्या संध्याकाळी गरिमा पलंगावर साड्या पसरून बसली होती. मंजिरी दारात उभी राहिली. रस्ताभर तिनं वाक्यं जुळवली होती आणि घर येईपर्यंत सगळी बाद केली होती, कारण प्रत्येक वाक्याच्या शेवटी एकच प्रश्न उभा होता, तुला कुणी सांगितलं? "गरिमा, त्याचं आधी एक ठरलं होतं ना?"

"हो. माहिती आहे मला." गरिमानं मानही वर केली नाही. "त्यानंच सांगितलंय. उस लड़की का कहीं और चक्कर था. का गं?"

"तसं नव्हतं ते. त्यानं तिच्यावर हात उचलला होता."

आता गरिमानं बघितलं. "कोण बोललं तुला?"

"त्याची आई माझ्याकडे येते. सात वर्षं झाली. मी ऐकलंय, तिच्याच तोंडून."

गरिमाचा चेहरा आधी पांढरा पडला. मंजिरीला वाटलं, झालं, पोचलं आपलं म्हणणं. पण तो पांढरेपणा कसला होता ते लगेचच कळलं. "शंतनुची आई? तुझ्याकडे? आई, त्यांना कळलं की तू... अरे यार. मी काय सांगितलंय त्यांना तुला माहिती आहे? उनको पता है तू कौन है?" नाही म्हटल्यावर तिनं श्वास सोडला. मग ती उठून साड्यांच्या घड्या घालू लागली, फार नेटक्या, आणि घड्या घालताघालता म्हणाली, "दुसऱ्यांच्या पायाशी बसून जे ऐकतेस ना, ते घरात आणत जाऊ नकोस. तो मला तुम्ही म्हणतो, आई. मला कुणी आजवर तुम्ही म्हटलं नाही. तुला माझं चांगलं झालेलं बघवत कसं नाही?" मंजिरीच्या हाताला एसीटोनचा वास येत होता. तिनं हात पाठीमागे घेतले. अंगठ्याचं सांगायचं राहून गेलं, आणि सांगितलं असतं तरी, एका बाईचं नख दारात सापडलं, यावरून कुणाचं लग्न मोडतं? नखाकडे नखासारखं बघणारी घरात ती एकटीच होती. अंथरुणावर पडल्यावर तिला वाटलं की ही पोर तिनंच अशी घडवली. लपवायला शिकवलं तर ती लपवणारच, आणि आईची लाज वाटायला शिकवलं तर ती लाजेतूनच उत्तर देणार. गरिमाचं चुकलं नव्हतं. पण 'पायाशी बसून' हे शब्द पोटात राहिले ते राहिलेच.

रविवारी बळवंतनं कोट घातला. वनमालाबाई आणि शंतनु आले. शंतनुचे वडील मुकुंदराव गुडघेदुखीमुळे आले नाहीत. मंजिरीनं आकाशी रेशमी साडी नेसली होती, केसांत गजरा, चष्मा नाही, मास्क नाही. तिनं दार उघडलं आणि क्षणभर वनमालाबाईंसमोर नुसती उभी राहिली. त्यांनी हसून नमस्कार केला. ओळखलं नाही. मंजिरीला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच क्षणी रागही आला. सात वर्षं ज्या बाईचे हात धरले तिला आपला चेहरा माहीत नाही. त्या किती छान मराठी बोलत होत्या! पोह्यांची तारीफ केली, बळवंतच्या दफ्तरदारांच्या गोष्टी ऐकून घेतल्या. शंतनु खरोखरच हसरा होता. गरिमा चहा घेऊन आली तेव्हा त्यानं उठून ट्रे धरला, आणि मंजिरीनं त्याचे हात बघितले. स्वच्छ, कापलेली नखं, छान हात. हातांवर काही लिहिलेलं नसतं. एवढी वर्षं हात बघूनही तिला ते आजच कळत होतं.

"तुमचं ऑफिस सिटी सेंटरला ना? मी तिकडे येते नेहमी," वनमालाबाई म्हणाल्या. "हो," मंजिरी म्हणाली. गरिमानं तिच्याकडे असं बघितलं की तिनं पोह्यांची बशी पुढे केली. सगळं सुरळीत चाललं होतं. मुहूर्ताच्या गोष्टी निघाल्या. मंजिरी ऐकत होती आणि मनात म्हणत होती की आता बोल, आता बोल, आणि पोह्यांच्या बशा गोळा करत होती. निघायची वेळ झाली तेव्हा बळवंतला रीत आठवली. "अहो, हळदीकुंकू द्या. आणि अत्तर. आपल्याकडे दरबारच्या वेळेपासून आहे, पाहुणी बाई अत्तराशिवाय जात नाही." पाटणकर बाजारातून मुद्दाम आणलेली कुपी होती. मंजिरीनं हळद लावली, कुंकू लावलं, आणि अत्तराचा फाया घेऊन वनमालाबाईंचा उजवा हात हातात घेतला.

तिनं काही ठरवलं नव्हतं. हात हातात आला आणि तिच्या बोटांनी त्यांचं रोजचं केलं. तळवा खालून पेलला, आणि अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या खळग्यात दोनदा हलकं दाबलं. कामाला सुरुवात करण्याआधीची तिची ही सवय होती. ती तिला कुणी शिकवली नव्हती आणि तिनं कुणाला शिकवली नव्हती. वनमालाबाईंचा हात ढिला पडला. मनगट सैल झालं, बोटं आपोआप उघडली, आणि करंगळी पुढे आली, कारण मोना करंगळीपासून सुरू करते. वनमालाबाई आपल्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. सात वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आणि वनमालाबाईंच्या चेहऱ्यावर एकेक बुधवार उतरताना मंजिरीला दिसला. गाडी, भोपाळ, दार, सोसेल. त्यांचे ओठ नुसतेच हलले. मोना.

"मंजिरी," मंजिरी म्हणाली. अत्तर मनगटाजवळ लावलं. आणि मग तो अंगठा धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, शुद्ध मराठीत, "अंगठा दुखतो का हो अजून? सहा महिने लागले नख यायला."

खोलीत बाकी कुणाला काही कळलं नाही. गरिमाला मात्र कळलं, आई आपण कोण ते सांगून बसली. तिच्या हातातली गुलाबदाणी तशीच राहिली. शंतनु हसला. "ममाचं ना काकू, काही विचारू नका. हर जगह हाथ घुसा देती हैं, फिर लग जाती है." वनमालाबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. "ड्रॉवरमध्ये आला होता," त्या म्हणाल्या, आणि हात ओढून घेतला, आणि चपला घालायला इतका वेळ लावला की बळवंत वाकून मदत करू लागला.

तासाभरानं फोन आला तो बळवंतला. नकार. कारण दिलं ते स्पष्ट होतं. मुलीची आई पार्लरमध्ये नखं करते हे लपवून ठेवलंत, अशा घराशी आम्हाला जमणार नाही. पाठोपाठ गरिमाच्या फोनवर शंतनुचा निरोप आला. ती तो उभ्यानंच वाचत राहिली आणि मग फोन मंजिरीसमोर टेबलावर टाकला. 'झूठे लोग। मेरी माँ के पैर धोने वाली के घर में बिठाकर मुझे चाय पिला दी। अब फ़ोन मत करना।' 'तुम्ही'ची सगळी मजा संपलेली होती.

"झालं समाधान?" गरिमा म्हणाली. "तुला बोलायचंच होतं. तुला दाखवायचंच होतं तू कोण आहेस ते. तुझ्यामुळे मोडलं हे, आई. तेरे काम की वजह से." बळवंतनं कोट काढून खुंटीला लावला आणि मंजिरीकडे पाठ फिरवली, म्हणजे त्याचंही तेच म्हणणं होतं. मंजिरीला सांगता आलं असतं. माझ्या कामामुळे नाही, त्या बाईनं कामाचं निमित्त पुढे केलं, कारण दुसरं काहीही सांगितलं असतं तर शंतनु लग्नासाठी अडूनच बसला असता. त्याला कशाची शिसारी येते हे त्याच्या आईएवढं कुणाला ठाऊक? भीतीनं केलं की दयेनं, ते मात्र मंजिरीला उलगडत नव्हतं. पण तिनं गरिमाच्या रडून सुजलेल्या, पण कुणी हात न लावलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हो. माझ्यामुळेच." हे बोलताना तिला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि तिनं ते बदललं नाही. त्या दिवसापासून गरिमा तिच्याशी बोलणं सोडून बळवंतमार्फत निरोप देऊ लागली, डबा नको, आज उशीर होईल, असे.

दुसऱ्या बुधवारी वनमालाबाई येतील असं मंजिरीला वाटलं नव्हतं. त्या आल्या, ठरल्या वेळेला. कानात इयरफोन नव्हता. खुर्चीत बसल्या, उजवा हात पुढे केला, मग थांबून डावा केला. डाव्या तर्जनीचं नख मुळापासून काळंनिळं होतं, कडेनं रक्त साकळलेलं, तीन-चार दिवसांपूर्वीचं.

"दराज़ में आ गया," वनमालाबाई म्हणाल्या.

मंजिरीनं तळवा खालून पेलला आणि खळग्यात दोनदा दाबलं. हात ढिला पडला नाही. तिनं मास्क खाली ओढला. "याला रंग नको लावूया," ती मराठीत म्हणाली. "गळून पडेल. सहा महिने लागतील."

"लागू देत." उजवा हात पाण्याच्या भांड्यात ठेवत त्यांनी विचारलं, "मुलगी बोलते का तुमच्याशी?"

"नाही."

"माझ्याशीही नाही बोलत तो."

काउंटरवरून हर्षिता मॅडमनं हाक मारली, "मोना, और कितना टाइम?" मंजिरी म्हणाली, "बीस मिनट," आणि तिनं दुखरं बोट बाजूला ठेवून करंगळी हातात घेतली.